पाच वाजेपर्यंतचा गोलकीपर

कॅनडातल्या बॅथर्स्टच्या बर्फात आयला राउतियोची भाड्याची गाडी अशी रुतून बसली होती, जणू तिथेच तिला सासर मिळालं होतं. आयला चाकाला लाथा मारत होती. चाकाला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

इतक्यात मागून एक माणूस आला. माणूस कसला, दरवाजाच! त्याने गाडीला खांदा लावला आणि साधं ‘हुं’ही न करता ती बाहेर काढली. भुरभुरणारा बर्फ त्याच्या पापण्यांवर अडकला होता... आणि त्या पापण्या, आयलाच्या मते, एका पुरुषाच्या मानाने जरा जास्तच लांब होत्या.

“अहो, आभारी आहे! नाव काय तुमचं?”

तो नुसता हसला.

“ऐकू येतं ना?”

मान हलली. हो.

“मग बोलायला काय पैसे पडतात?”

त्याने कोटाचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले आणि निघून गेला.

अर्ध्या तासाने आयला खानावळीत शिरली, तर ठरलेल्या टेबलाशी तोच दरवाजा बसलेला!

क्लोव्हिस थिबोदो. बॅथर्स्टच्या आइस हॉकी संघाचा गोलकीपर. आयलाच्या, म्हणजे थंडर बे शहराच्या, संघाला तो हवा होता. बदल्यात दोन खेळाडू द्यायची तयारी होती. पण अट एकच, त्याने चार वर्षांचा करार आधी मान्य करायचा. त्याच्याशी बोलायची परवानगी होती आज संध्याकाळी पाचपर्यंत. आकडे एजंटाने कबूल केले होते, फक्त खुद्द क्लोव्हिसचा होकार आणि सही बाकी होती. आयलाने एकटीने करायचा हा पहिलाच सौदा. जमला तर करारखात्यात कायमची खुर्ची. फसला तर पुन्हा संघासाठी हॉटेलच्या खोल्या ठरवणं.

“तो बोलणार नाही गं पोरी,” खानावळीच्या मालकीणबाई, मादाम ऑरोर, सूप ठेवत म्हणाल्या. “आज सात वाजता मॅच आहे ना. मॅचच्या दिवशी खेळ संपेपर्यंत तोंड बंद. आईचा फोन आला तरी नुसता खोकतो.”

आयलाला नवल वाटलं नाही. गोलकीपर असेच असतात. थंडर बेचा आधीचा गोलकीपर गोलच्या खांबांशी गप्पा मारायचा. खांब बदलले, तेव्हा त्याने आठ दिवसांची सुतकाची रजा घेतली. आणि ती मंजूरही झाली!

“ठीक आहे,” आयला म्हणाली. “टेबलावर एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. थंडर बेला यायचंय?”

टक.

“चार वर्षं?”

टक.

“थंडी सोसेल?”

त्याने खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. टक.

“मी बावळट प्रश्न विचारते का?”

टक.

“अहो!... निदान विचार तरी करायचा थोडा!”

तो खांदे हलवत बिनआवाजाचं हसला. मग कागदी रुमाल ओढून त्यावर लिहिलं— ‘सही केली, तर तुझ्याबरोबर कॉफी?’

आयलाचा चमचा सुपात बुडाला. चमचा काढता काढता चार वाजले, असं तिला वाटलं. आणि खरंच चार वाजले होते.

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या पापण्या...

“नाही जमणार,” ती हळूच म्हणाली. “आमच्या संघाचा नियम आहे. ज्याने ज्याचा करार ठरवला, त्याने त्याच्याबरोबर— म्हणजे... कॉफीसुद्धा नाही.”

क्लोव्हिसने पेनाला टोपण लावलं. टक, टक.

आयला उठली आणि बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला.

“वॉल्टर, हा करार मी करू शकत नाही. माझा यात... जीव गुंतलाय.”

“करारात?”

“माणसात.”

“किती वेळात?”

“सूप गार व्हायच्या आत.”

“पोरी, सौदा माझ्या नावावर लागेल. तुझी खुर्ची या वर्षी गेली, समज.”

“समजलं.”

“बरं, दे त्याला फोन.”

“तो बोलत नाही. नुसतं टकटक करतो.”

“गोलकीपर ना? चालेल.”

तिने फोन आत नेऊन दिला आणि नियमानुसार पुन्हा बाहेर येऊन उभी राहिली. थंडी उणे सव्वीस. काचेपलीकडे थंडर बे संघाचे सर्वेसर्वा वॉल्टर फोनवरून एका टेबलाशी वाटाघाटी करत होते. नाकाचा शेंडा कुठे आहे हे आयलाला कळेनासं झालं, तेव्हा क्लोव्हिसने सही केली. पाचला दहा कमी होते. दोन मिनिटांत त्याला बॅथर्स्टच्या प्रशिक्षकाचा निरोप आला: अदलाबदल पक्की. तू आता आमचा नाहीस, आज खेळायचं नाही.

तो धावत बाहेर आला, कोटाशिवाय.

“म्हणजे माझी आज मॅचच नाही!”

एवढ्या मोठ्या देहातून आवाज निघाला तो किटलीच्या शिट्टीसारखा. आयलाला तो फार आवडला.

“मग बोल ना.”

“तू बाहेर का उभी राहिलीस?”

“करार दुसऱ्याला दिला.”

“माझ्यासाठी?”

“कॉफीसाठी,” ती म्हणाली. “तू त्यात आपोआप येतोस.”

तो कानापर्यंत लाल झाला. “खरं सांगू?... आत ते काय विचारत होते, मी धड ऐकलंच नाही. खिडकीतून तुलाच बघत होतो. किती वर्षांची सही केली मी?”

करार ठरवणाऱ्या माणसाने अशा वेळी हसायचं नसतं. पण हा करार तिचा नव्हता. म्हणून आयला मनसोक्त हसली, आणि त्याचा हात धरून त्याला कॉफीला घेऊन गेली.