रोझीसाठी आणलेला दगड

जानेवारीतली रविवारची सकाळ. निसीमकाका पेणकर इंग्लंडातल्या इल्फर्डच्या घरातून निघाले तेव्हा पिशवीत नेहमीचंच सामान होतं. पाण्याची बाटली, जुना टॉवेल, थर्मासमध्ये चहा. बायकोची, रोझीची कबर धुवायची, तिच्याशी चार गोष्टी बोलायच्या, कबरीवर एक खडा ठेवायचा आणि परत यायचं. काका मराठी ज्यू; त्यांच्यात फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. कुणीतरी येऊन गेलं, एवढं त्यातून कळतं. त्या दिवशी वेगळं इतकंच, की कोटाच्या खिशात कोंबडीच्या अंड्याएवढा तांबडा दगड होता. नामिबियाहून आणलेला.

“डॅडी, बेल्ट,” गाडी सुरू करत त्यांची मुलगी मायकेला म्हणाली. “आणि आज मॉमला त्या ओरिक्सचा गोष्ट नका सांगू हां. शी विल गेट अप अँड वॉक आउट.”

काका हसले. काका म्हणजे थापांचं आगर. सफरीहून आल्यापासून सिनेगॉगमध्ये चहाबिस्किटांबरोबर त्यांचं वाळवंट वाटलं जात होतं. वाळूच्या टेकड्या इतक्या उंच, की वर पोचेपर्यंत म्हणे यांची दाढी वाढली. समुद्रकाठी सील इतके, की त्या वासापुढे ससून डॉकला अत्तराचं दुकान म्हणावं. आणि सरळसोट शिंगांचा एक ओरिक्स जीपच्या खिडकीत तोंड घालून यांना चक्क मराठीत वेळ विचारून गेला. लोक पोट धरून हसायचे. दगडाची गोष्ट मात्र काकांनी कुणालाच सांगितली नव्हती. म्हणून मला वाटतं, तेवढीच खरी असावी.

ही सफर खरं तर रोझीची. जन्मभर टीव्हीवर प्राणी बघत आलेली बाई. पक्षाघातानंतर डावा पाय फरफटायचा, तरी म्हणायची, “अहो, त्या हत्तींना बघायचंय मला. कोरड्या नदीतून पाण्यासाठी किती चालतात बिचारे!” तिकिटं दोघांची काढली आणि रोझी आधीच गेली. जायच्या आधी म्हणाली, “तुम्ही जा हो. मला तिथला एक दगड आणा, बास.” काकांनी एकट्याने पोहे भिजवले, गूळखोबरं घालून मलिदा केला, एलियाहू हनबी या प्रेषिताचं नाव घेतलं आणि निघाले.

हत्ती दिसले त्याच दुपारची गोष्ट. रस्त्याकडेला दगडांचा कमरेएवढा ढीग होता. पेट्रस, त्यांचा गाइड, गाडीतून उतरला आणि त्याने एक खडा वर ठेवला.

“कबर आहे,” तो म्हणाला. “आमच्या गोष्टींतल्या एका वीराची. येणारा-जाणारा खडा ठेवतो.”

“आमच्यातसुद्धा,” काका म्हणाले.

“पण याच्या कबरी देशभर आहेत. हा मरतो, याला पुरतात, हा उठतो आणि चालू लागतो.”

“मग आत कोण?”

“कुणीच नाही,” पेट्रस हसला आणि टायर बघायला वाकला.

ढिगावर तो तांबडा दगड होता. लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. उन्हात वणवण करून दुसरा शोधायला काकांच्या गुडघ्यांची तयारी नव्हती. कबरीवरचा खडा उचलायचा नसतो, हे त्यांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. पण आत कुणीच नाही, मग चोरी कुणाची? दगड खिशात गेला.

आणि आता तो रोझीच्या कबरीवर ठेवला गेला. आधीचे खडे तिथे होतेच. त्यांत साउथएंडच्या किनाऱ्यावरचा एक पांढरा गोटा होता. त्यावर मायकेलाने नेलपॉलिशने ठिपक्यांचा लाल लेडीबर्ड किडा काढला होता. शेजारची हिरवळ मोकळी होती. ती जागा काकांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती.

“रोझी, आणला बघ,” ते म्हणाले. नेहमीसारखं कुणीतरी ऐकतंय असं वाटलं. फाटकाशी रिवाजाप्रमाणे हात धुतले, तर नळाखालचं पाणी तांबडं झालं. बराच वेळ तांबडंच येत राहिलं.

पुढच्या रविवारी सगळीकडे पांढरं दव गोठलं होतं. फक्त रोझीची कबर कोरडी होती. वर तो तांबडा दगड एकटाच. बाकीचे सगळे खडे गायब.

“हू डज दॅट?” मायकेलाचा आवाज चढला. “माझा लेडीबर्ड कोणी घेतला? दगड कोण चोरते, डॅडी?”

वाकून काकांनी दगडाला बोट लावलं. गरम होता. उन्हात तापल्यासारखा. आसपास कोरड्या धुळीचा वास होता... इंग्लंडात येत नाही तो.

“रोझी...” त्यांनी हळूच हाक मारली.

ऐकणारं कुणी नव्हतं. रिकाम्या घरात फोन वाजत राहावा, तसं वाटलं. ती गेली त्या दिवशीसुद्धा असं वाटलं नव्हतं. परतताना गाडीत काका लहान मुलासारखे रडले आणि मुलीला सगळं सांगून टाकलं.

“यू टुक इट ऑफ अ ग्रेव्ह?” मायकेलाने गाडी कडेला घेतली. “डॅडी, तुम्ही?”

तिनेच पेट्रसला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं ते एका फोटोसह. त्याच ढिगाचा फोटो. तांबड्या दगडांवर सगळ्यात वर एक पांढरा गोटा. त्यावर लाल लेडीबर्ड.

मागोमाग पेट्रसचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, दबका. “सर, मला वाटलं तुम्हीच परत आलात. पण वाळूत पावलं बाईची आहेत, अनवाणी. एक पाऊल उमटलेलं, दुसरं फरफटलेलं. मी मागोमाग गेलो. नदीच्या पात्राकडे, हत्तींच्या वाटेने. पुढे पुढे... फरफट थांबली आहे, सर. दोन्ही पाय नीट पडलेत. तुम्ही दगड पाठवून द्या. मी जागेवर ठेवीन. माझी आजी म्हणायची, दगड परतला की ज्याचं माणूस त्याच्या घरी जातं.”

मायकेलाने त्याच दिवशी पोस्टाचं जाड पाकीट आणलं. दगड अजून कबरीवरच होता; काकांनी आठवडाभर त्या रिकाम्या पाकिटाकडे बघत जेवणं टाळली.

दगड पाठवला तर रोझी परत येणार, इथल्या चिखलात. ते जातील तेव्हा शेजारी असणार. नाही पाठवला तर ते एकटे निजणार, एका रिकाम्या खड्ड्याच्या कडेला. पण परत आली तर पाय पुन्हा फरफटत येईल का? जन्मभर तिने यांच्याकडे मागितलं काय, तर एक सफर. आता कुठे नीट चालायला लागली होती बिचारी.

“तुम्हाला मॉम इथे हवी ना?” रविवारी मायकेलाने विचारलं. तिच्या हातात पाकीट होतं.

“हवी गं,” काका म्हणाले. “म्हणून तर अडलंय.”

पुन्हा दव गोठलेलं. मायकेला नळावर पाणी भरायला थांबली, काका एकटेच पुढे गेले. वाटेत त्यांचं ठरलं होतं. दगडाला हात लावायचा नाही. तिला म्हणायचं, हिंड पोटभर, मी राहीन एकटा.

पण रोझीच्या कबरीवर दगड नव्हता. ती इतरांसारखीच पांढरी, गार होती.

दगड शेजारी होता. काकांच्या जागेवर, मधोमध. आणि गोठलेल्या गवतात पावलं होती, अनवाणी. रोझीच्या कबरीकडून निघालेली, दोन्ही नीट उमटलेली.

काकांचा हात पुढे झाला आणि थांबला. कबरीवरचा खडा उचलायचा नसतो.

“रोझी?”

ह्या वेळी कुणीतरी ऐकत होतं. पण आवाज पोचला तो तिच्या कबरीत नाही... त्यांच्या पायाखाली, त्यांच्याच राखीव जागेत.

“डॅडी?” मागून मायकेला पाणी घेऊन येत होती. “काय झालं? कोण येऊन गेला का?”

काकांनी पुन्हा गवताकडे बघितलं. येणारी पावलं मोजकीच होती, दगडापाशी येऊन संपलेली.

“आलंय,” ते म्हणाले. “गेलेलं नाही.”

परतीची पावलं कुठेच नव्हती.