उभ्या बाळाची चोरी

"पंख नीट बांध रे! देवदूत दिसायला हवास, कोंबडा नव्हे!" यारिमा ओरडली.

"मी कोंबडाच बरा!" तिचा धाकटा भाऊ तितो म्हणाला. "देवदूताला नाक शिंकरता येत नाही!"

मैत्रीण रोसेलिया खो खो हसली. यारिमाला मात्र हसू आलं नाही. काल त्यांच्या घरच्या गव्हाणीतून लाकडी बाळ येशू नाहीसा झाला होता. कामासाठी चिलीला निघताना बाबांनी त्याचाच पापा घेतला होता. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी दोघांना घेऊन त्याच्यापुढे बसे, बाबांची खुशाली मागे. काल ती नुसत्या गवतापुढे बसली.

"अगं, खेळ आहे तो!" सारा गाव म्हणत होता. नवं वर्ष लागलं की त्या डोंगरगावात घरोघरी बाळ येशूला गव्हाणीतून उचलून उभं करत. ज्यांच्याकडे तो आडवाच राही, त्यांच्याकडून शेजारी त्याला गुपचूप पळवत! मग मुलं देवदूत बनत, सगळे गात गात शोधायला निघत, आणि आळशी घरवाल्यांना गावाला केक खाऊ घालावा लागे.

"पण आम्ही तर उभं केलं होतं!" तितो कुजबुजला. काल पहाटे आई गाईकडे गेली असताना दोघांनी बाळाच्या तळव्यांना हिरव्या मेणबत्तीचं मेण लावून त्याला उभं केलं होतं. आईला गंमत दाखवायची होती ना! तिला बोलावून आणेपर्यंत बाळ गायब!

"हे कुणाला सांगायचं नाही," यारिमा म्हणाली. "चोराला वाटू दे, की आपण गाफील आहोत."

"चोर कोण, ते तर सांग!" रोसेलिया म्हणाली.

यारिमानं मास्तर अनिबालच्या घराकडे बोट दाखवलं. काल ती रडत त्यांच्याकडेच गेली होती. रविवारी चर्चमध्ये मुलांना येशूच्या गोष्टी सांगणारे मास्तर! तिची पहिली प्रार्थना त्यांनीच शिकवली होती. ते म्हणाले, "शोधू नकोस, बाळ. येशूला लेकरांचा भोळा विश्वास आवडतो. डोळे मिटून वाट बघ." तिनं दिवसभर वाट बघितली. रात्री तिच्या मनात आलं, आपल्या गावात कुणी 'शोधू नकोस' असं म्हणतं का? शोधण्यातच तर खेळ आहे!

"आपण चुकलो तर बरं," ती म्हणाली. "मी त्यांचे पाय धरीन. चला!"

व्हायोलिन वाजू लागलं, मेणबत्त्या पेटल्या. यारिमानं मिरवणूक थेट मास्तरांच्या दारात नेली. दाराशी गाणं आलं की दार उघडावंच लागतं!

"माझ्याकडे काय असणार?" मास्तर हसत म्हणाले. तेवढ्यात तितो पंखांसकट त्यांच्या बगलेखालून आत घुसला!

"ताई! खाटेखाली पेटी आहे! खिळे ठोकलेत!"

पेटी फोडली. आत लोकरीत गुंडाळलेला बाळ येशू!

मास्तरांनी क्षणात टाळी वाजवली. "सापडलो बुवा! आडवा ठेवला होतात, म्हणून पळवला! आता द्या केक!"

लोक खदखदा हसले. आईसुद्धा ओशाळून हसली.

"थांबा!" यारिमानं बाळाचे तळवे वर केले. त्यांवर हिरवं मेण होतं. "आम्ही त्याला उभं केलं होतं! उभ्या बाळाला कुणी पळवतं का? आणि खेळात पळवलेल्या बाळापुढे फुलं ठेवतात, मेणबत्ती लावतात. खिळे कोण ठोकतं?"

व्हायोलिन थांबलं. मास्तरांची मान खाली गेली. "शहरात जुन्या मूर्तींचा एक गिऱ्हाईक आहे..." ते पुटपुटले.

"शाबास, पोरांनो!" चर्चचे म्हातारे फादर पुढे आले. "आम्ही मोठे नुसते हसत बसलो! आणि अनिबाल, लहानग्यांचा विश्वास मोडणाऱ्याला गळ्यात जातं बांधून समुद्रात बुडवलेलं बरं, असं येशू म्हणाला, तो धडा तू त्यांना कधी शिकवलास?"

मास्तर यारिमापुढे गुडघ्यांवर बसले. "लेकरांचं मन निर्मळ असतं, बाळ. माफ कर मला."

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिनं बाळ येशू आईच्या हातात दिला.

"करीन, मास्तर. येशूनं सांगितलंय म्हणून करीन," ती म्हणाली. "पण लेकरं रडतातसुद्धा. आधी मला रडू द्या."

आणि ती आईच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली. तिला कुणीच 'उगी' म्हटलं नाही.