शेगडीमागचा पंखा

ही गोष्ट खरी आहे. मी तिचा प्रत्यक्ष साक्षीदार आहे. मात्र साक्षीदार म्हणून माझी किंमत शून्य, कारण त्या वेळी मी पाळण्यात होतो.

सांगणारे दोघे, आई आणि अण्णा. त्यांचं आयुष्यात कशावरच एकमत झालं नाही. आमटीत मीठ किती यावर नाही आणि माझ्या कॉलेजवरही नाही. या एका गोष्टीत मात्र दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक पडत नसे.

म्हणून मला ती खोटी म्हणता येत नाही. प्रयत्न पुष्कळ केला.

साल १९५७. पौषातली थंडी. दापोडीला मुंबई-पुणे रस्त्यालगत अण्णांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि त्याच्या मागे आमची खोली. तीही पत्र्याचीच. थंडीत आतून पाझरायची. मी सातव्या महिन्यात जन्मलेलो, छातीनं अधू. माझ्या आधीचा भाऊ अशाच एका थंडीत गेला होता. त्यामुळे आईला दिवसभर एकच काम.

माझा श्वास चालू आहे का, ते ऐकायचं.

अशात चाकणचे उद्धवशेठ गाडी घेऊन आले. धंदा कांद्याचा, गाडी मात्र दोनच माणसांची. लाल, कापडी टपाची, विलायती स्पोर्ट्‌स कार. खडकीचा कुणी गोरा अधिकारी देश सोडताना विकून गेलेला. तिच्यात कांद्याचं एक पोतं मावत नसे, पण तिला हीटर होता. आपल्याकडे आठ महिने मोटार हाच हीटर असतो. साहेबानं विलायतेत बसवून घेतला होता, शेठनी तसाच ठेवला होता.

त्या हीटरचा पंखा आवाज करत होता.

“पंखा राहू द्या, मिस्त्री,” शेठ म्हणाले. “पहाटेचं घाटातनं जावं लागतं. आवाज तेवढा घालवा.”

आवाज तपासायची अण्णांची एक पद्धत होती. सगळ्याच मिस्त्र्यांची असते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतली कुरकुर थेट डोक्यात येते. अण्णांनी पंखा सुरू केला, मूठ कानाला लावली.

खर्रर्र...

मग काहीच नाही.

मग पुन्हा... खर्रर्र...

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. पंखा एकसारखा फिरत होता. फिरणारी वस्तू घासली तर एकसारखी घासते. मध्ये थांबून दम खात नाही.

त्यांनी पंखा खोलला, पुसला, तेल दिलं, झिजलेला बुश बदलला. परत लावला.

खर्रर्र...

शेवटी खडकीच्या भंगारातून लष्करी गाडीचा तसाच एक पंखा आणून बसवला. आवाज गेला. शेठ गाडीत बसून बराच वेळ तो नवा पंखा ऐकत राहिले. मग त्यांनी रुमालानं डोळे पुसले. अण्णांना वाटलं, कामाचं कौतुक.

गॅरेजचा रिवाज असा की काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. खरंच बदलला, याचा तो पुरावा. अण्णांनी जुना पंखा वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे केला.

शेठ एक पाऊल मागे सरले.

“राहू द्या तुमच्याकडंच.”

व्यापारी माणूस मोटरमधलं तांबं फुकटात सोडून जातो, तेव्हा कारण विचारावं. पण असं कारण विचारणारा मिस्त्री अजून जन्मायचा आहे. मोटर चालू, पाती शाबूत. अण्णांनी संध्याकाळच्या आत त्याचा उपयोग शोधला.

पाळण्यापासून जरा लांब शेगडी. शेगडीमागे पंखा. पंख्याला गॅरेजमधल्या जुन्या बॅटरीची तार. ऊब थेट पाळण्यात. आईनं दुपट्यात हात घालून पाहिला आणि लग्नानंतर पहिल्यांदा अण्णांच्या डोक्याबद्दल चार शब्द बरे बोलली.

आवाज होता, पण बारीक. त्याची सवय झाली.

माझा खोकलाही थांबला.

भुताच्या गोष्टी रात्री घडाव्यात असा संकेत आहे. आमच्याकडची सकाळी घडली, लख्ख उन्हात.

मला न्हाऊ घालायला अंबूबाई यायच्या. त्या दिवशी न्हाऊ झालं, ओवा-वावडिंगाची धुरी झाली, मला गुंडाळून पाळण्यात ठेवलं. अंबूबाई पदराला हात पुसत निघाल्या आणि दारात थबकल्या.

“सावित्री, सासरा आलाय का गं गावाकडनं?”

“नाही हो. का?”

“मग आत दम्याचा म्हातारा कोण हाय?”

आईला हसू आलं. पंखा आहे तो, असं म्हणून तिनं दाखवायला तार काढली.

पाती थांबली. आवाज थांबला.

आणि पाळणाही... गप्प झाला.

माझ्या ओठांचा रंग आधी अंबूबाईंनी पाहिला. त्यांनी मला उचलून पाठीवर थापट्या मारल्या. काही नाही. पायांना चोळलं. काही नाही. आईच्या हातात तार तशीच होती. का ते तिला कधीच सांगता आलं नाही, पण तिनं ती परत जोडली.

पंखा फिरला.

खर्रर्र...

माझी छाती वर आली.

आरडाओरडा ऐकून अण्णा आले. त्यांनी सवयीनं स्क्रू-ड्रायव्हर पंख्याला टेकवला. नुसती गुणगुण. खडखड नाही, घासणं नाही. पंखा नव्यासारखा फिरत होता.

मग त्यांनी तेच टोक माझ्या दुपट्यावर, छातीपाशी अलगद ठेवलं. मूठ कानाला.

खर्रर्र...

थांबा...

खर्रर्र...

पोराचा श्वास नव्हता तो, अण्णा सांगत. पिकल्या माणसाचा होता.

दुरुस्तीला आलेला एक ट्रक दारात उभा होता. अण्णांनी चालू पंखा बॅटरीसकट उचलून आत ठेवला, आईला मला घेऊन चढायला सांगितलं. अंबूबाई न विचारताच चढल्या. पंखा ज्याचा, त्याच्याकडेच न्यायचा होता. बॅटरी जुनी, निम्मी उतरलेली. ट्रकची चोवीस व्होल्टची, पंखा बाराचा. तिला जोडला असता तर जळाला असता. म्हणजे ही बॅटरी चाकणपर्यंत टिकायला हवी, एवढाच हिशेब.

मोशी मागे पडली आणि पात्यांची गती उतरायला लागली.

“हळू होतंय,” आई म्हणाली. ती पंख्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

अण्णांनी अॅक्सिलरेटर आणखी दाबला. ट्रकच्या ब्रेकचं काम व्हायचं होतं. त्यामुळे वाटेत थांबायचा प्रश्नच नव्हता.

शेठच्या अंगणात लाल गाडी उभी होती. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर एक म्हातारी बसलेली. शेठची आई, सारजाबाई. गाडी मुकी होऊन परत आली तेव्हापासून तिनं अन्न सोडलं होतं, हे नंतर कळलं. शेठ ओट्यावर होते. अण्णा फिरता पंखा आणि बॅटरी घेऊन खाली उतरले.

म्हातारी गाडीतून उतरली. आईजवळ आली. पंख्याला तिनं हातही लावला नाही. माझ्या छातीला कान लावला.

खर्रर्र...

“अवं,” ती म्हणाली, नवऱ्याला म्हणावं तशी. “दुसऱ्याच्या लेकरात कशापायी बसलाय? त्याचा जीव केवढा. आणलंय न्हवं घरी? आता पडा निवांत.”

आणि तिनं तार ओढली.

पाती फिरत फिरत थांबली.

मी गप्प.

त्या वेळात कुठल्या देवाचं नाव घ्यायचं तेही आईला आठवेना.

मग मी रडलो. माझ्या स्वतःच्या आवाजात.

शेठनी तेव्हा सांगितलं. त्यांचे वडील, गेनबा, दम्याचे. आदल्या थंडीत त्यांना याच गाडीतून पुण्याला दवाखान्यात नेत होते. ऊब हवी म्हणून हीटर लावलेला. दापोडीच्या पुलावर म्हातारा म्हणाला, उद्धवा, माघारी फीर, मला घरी ने. शेठनी गाडी आणखी जोरात काढली. पूल ओलांडेपर्यंत म्हाताऱ्याचा आवाज बंद झाला.

पंख्याचा सुरू झाला.

तेव्हापासून त्यांची आई रोज संध्याकाळी गाडीत बसून पंखा लावायची. ते बघवेना, म्हणून शेठनी तो बदलून घेतला. आणि सोडून आले कुठे, तर दापोडीला.

अण्णांनी पाना काढला आणि जुना पंखा गाडीत परत बसवला. आवाज घालवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. आवाज बसवून दिला तो एकदाच.

मी पुढे विज्ञानाचा पदवीधर झालो आणि या गोष्टीचा निकाल लावला. बंद खोली, कोळशाची शेगडी, विषारी वायू. एका डॉक्टर मित्रालाही पटलं. मग तोच म्हणाला, पण मग पंखा बंद केल्यावर तू सुधारायला हवं होतंस. आम्ही चहा मागवला.

अण्णा मात्र निकाल लागला असं मानत नसत. मला सर्दी झाली की ते पहाटे माझ्या खाटेशी यायचे. मी झोपलोय असं समजून टोक पांघरुणावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे. गरजेपेक्षा जास्त वेळ उभे राहायचे. मी नोकरीला लागलो, माझं लग्न झालं, तरी. काय ऐकू आलं, ते कधी सांगितलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, “चालतंय.” इंजिनाबद्दल बोलावं तसं.

अण्णा गेले. स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे आहे.

हल्ली बायको म्हणते, झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो. मग एकदम... सुरू होतो. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, वजन उतरवा. उतरवतोय.

खरं तर तपासणं सोपं आहे. टोक माझ्या छातीला, मूठ बायकोच्या कानाला. मी झोपल्यावर.

परवा मी तो स्क्रू-ड्रायव्हर खुंटीवरून काढला, पुसला, तिच्यासमोर धरला. तिनं विचारलं, काय करायचंय याचं?

काही नाही, म्हणालो. आणि परत खुंटीला लावला.