श्रवणरेषा

विज्ञान परिषदेच्या सभागृहात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या कानामागे आता एक चकती चिकटवली जाई. ध्वनी कानात शिरणे ही एक क्रिया आणि मेंदूने त्याचा अर्थ लावणे ही दुसरी. या दुसऱ्या क्रियेत उठणारे सूक्ष्म विद्युत्-तरंग चकती टिपत असे, आणि त्यांच्या आलेखाला ‘श्रवणरेषा’ म्हणत. शब्द कानावर पडूनही अर्थ लावला जात नसेल, तर रेषा खाली येई.

परिषदेचे अध्यक्ष प्रा. सदानंद वर्टीकर खगोलशास्त्रज्ञ होते. मेंदूविषयी त्यांचे ज्ञान सामान्य माणसाइतकेच. वक्त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात म्हणून ते वर्षानुवर्षे भांडले होते आणि यंदा ते साधले होते. श्रवणसंशोधन संस्थेच्या संचालकपदासाठी शिफारसही त्यांनीच करायची होती. तिन्ही उमेदवार त्या दिवशी बोलले: डॉ. इशरत मुजावर, चकतीच्या संशोधिका डॉ. रेणुका ढवळीकर आणि डॉ. हेमंत परुळेकर. वर्टीकरांचा कौल परुळेकरांकडे होता. चहाच्या वेळी त्यांनी रेणुकाबाईंना सौम्यपणे सांगितले, की व्याख्यान नेटके होते, परंतु खोली कमी पडली.

“कुठे, सर?”

वर्टीकर आठवू लागले. शांत स्वर आठवला, शेवटचे आभार आठवले. मधले काहीच आठवेना.

रेणुकाबाईंनी त्यांची रेषा पडद्यावर आणली. पहिल्या वाक्यानंतरच ती खाली आली होती.

“दमलो असेन.”

“पुढे परुळेकर बोलले, तेव्हा ताजेतवाने झालात.”

“पण मी मान डोलावत होतो.”

“ते मानेच्या स्नायूंचं काम आहे, सर.”

शरमेने वर्टीकरांना मान वर करवेना. व्याख्यान आपल्या एकट्यासाठी पुन्हा द्यावे, अशी त्यांनी विनंती केली. बाईंनी ते दिले. वर्टीकर जिवाचे कान करून ऐकत राहिले. रेषा तरीही खाली आली. कोणाचे बोलणे मनावर घ्यायचे हे मेंदू लहानपणीच्या सवयीने, आपल्या इच्छेला विचारण्यापूर्वीच ठरवून टाकतो, असे बाईंनी समजावले.

“म्हणजे निवड करण्याचा मला अधिकारच नाही,” वर्टीकर म्हणाले. “आपणच सांगा. आपण की इशरतबाई? मी तीच शिफारस करीन.”

रेणुकाबाईंच्या ओठांवर उत्तर आले होते. ते त्यांनी गिळले आणि पडद्यावर दुसरी रेषा आणली. तीही तशीच खाली आलेली होती.

“ही माझी. इशरत बोलत होत्या तेव्हाची,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या बोलण्यात खोली नव्हती, असं मी सकाळपासून सगळ्यांना सांगत फिरतेय.”