समक्ष पाहिले

मध्य भारताचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. शहरातल्या स्नेहलतागंज पेठेतली एक विमा कंपनी मुंबईच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि निम्म्या माणसांना नारळ मिळणार हे उघड झालं. कोण राहणार, कोण जाणार, ते मुंबईचे साहेब दुपारी एकेकाला आत बोलावून ठरवणार होते. कंपनीत दावे तपासणारे दत्तोपंत मात्र जेवण उरकून, छत्री घेऊन जवळच्या राऊ गावी जाणाऱ्या मोटारीत जाऊन बसले. तिथे तुकोजी नावाचे विमेदार वारले होते, आणि मयताचं तोंड स्वतः पाहिल्याशिवाय पंतांनी जन्मात कधी दाव्यावर सही केली नव्हती.

निघण्याआधी मॅनेजर लक्ष्मीकांतांनी हरतऱ्हेनं समजावलं होतं. डॉक्टरचा दाखला आलाय, सही ठोका आणि साहेबांपुढे उभे राहा, नाहीतर नोकरी गेलीच समजा.

"जाऊ दे," पंत म्हणाले. घरात खाणारी तोंडं कमी नव्हती, पण कणा म्हणाल तर अस्सल सागवानी!

राऊला तुकोजींचं घर उघडंच होतं. ओसरीवर चिटपाखरू नव्हतं. माजघरात अंधार, तेलाचा आणि ओल्या तुळशीचा वास. कोपऱ्यात दिवा तेवत होता आणि त्याच्याशेजारी पांढऱ्या चादरीखाली तुकोजी. पंतांनी चादर हळूच सारली, चेहरा ओळखला, हात जोडले आणि पाय न वाजवता बाहेर आले.

इतक्यात तुकोजींची बायको गंगूबाई विहिरीवरून ओलेत्यानं आली.

"काळजी करू नका," पंत म्हणाले. "तुकोजींना पाहिलं. आत्ता सही करतो."

ती जागीच थबकली. "कोणाला पाहिलं, पंतजी? त्यांना तर सकाळीच नेलं... आत दिवा आहे, बस."

पंतांच्या अंगावर सर्रकन काटा आला. मागे वळून बघायचा धीर काही होईना. तरी त्यांनी ओसरीवर बसून कागद गुडघ्यावर धरला, 'समक्ष पाहिले' असं ठळक लिहिलं आणि खाली सही केली. खोटं त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं, आजही लिहिलं नाही. तिकडे साहेबांनी एव्हाना त्यांच्या नावावर काट मारलीही असेल. मारोत बापडे! भीतीनं गार पडलेल्या त्या छातीत अभिमान मावेना.

"कसे दिसत होते?" गंगूबाईनं अगदी हळू विचारलं.

"शांत. फक्त डोळे... उघडे होते."

"मी स्वतः मिटले होते, पंतजी..."

पंतांच्या पाठीमागे माजघराचं दार सावकाश लोटलं गेलं, आणि आतून कडी लागली.