झीलकऱ्याची जागा

वाशीच्या सारजाबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. मागणं साधं होतं. त्यांचे यजमान कोंडीराम दिवाळीत गेले. इथं तेरला मी त्यांचा गोंधळ संगणकावर रेकॉर्ड केला होता, त्यातला त्यांचा आवाज कॅसेटवर उतरवून पाठवावा. मोबाइल बाईंना जमत नव्हता. घरात कोंडीरामांचा जुना टेपरेकॉर्डर होता.

काय लिहिणार होतो? त्या रेकॉर्डिंगमध्ये कोंडीरामांचा आवाजच नव्हता.

गोंधळात मुख्य गोंधळी ओळ म्हणून थांबतो आणि मागचा झीलकरी तिचं शेपूट उचलून सूर लांबवतो. बजरंग गायचे, कोंडीराम झील धरायचे, जन्मभर हेच. त्या दिवशी वाद्यं बाजूला ठेवून नुसतं गाणं घ्यायचं ठरलं, तर माइक बघून बजरंग म्हणाले, "कोंड्या, तू गप ऱ्हा. रेकॉर्डिंग माझं हाय." कोंडीराम हसले आणि शेजारीच उभे राहिले. मी बहुधा हेडफोन नीट करत होतो. बजरंग मात्र सवयीनं प्रत्येक ओळीनंतर थांबत गेले. त्या मोकळ्या जागा फाइलभर तशाच आहेत.

उन्हाळ्यात बाई स्वतःच एसटीनं आल्या.

"पत्र पोचलं व्हय आण्णा? मला वाटलं, पोस्टमननं त्याची बिडी वळली."

मी खरं ते सांगितलं. त्यांनी पदराचा काठ चिमटीत धरला.

"मंग ते गप हायत तेवढं तरी द्या," त्या म्हणाल्या. "गप असले तरी हुबे हायत न्हवं तिथं?"

त्या गेल्यावर दुसऱ्या दुपारी मी कॅसेट डेक पुसून संगणकाला जोडला. पंखा बंद केला. माउसनं गाणं लावलं तर मध्येच कसली तरी सूचना टुणकन वाजते आणि तीही टेपवर उतरते, म्हणून मी काळ्या खिडकीत कमांड लिहितो. फाइलचं नाव, बाहेर जाणाऱ्या वायरीचं नाव, एंटर. बाकी कसलाच आवाज त्या वाटेनं जात नाही.

बजरंगांच्या आवाजावर डेकचे पातळी दाखवणारे काटे हलले. ओळ संपली. काटे पडायला हवे होते.

ते हळूच वर चढले.

संगणकाच्या पडद्यावर तेव्हा आवाजाची पट्टी सपाट होती. हेडफोनमध्येही काही नव्हतं. वायर खराब असेल म्हणून बदलली. डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं. नवी कॅसेट घालून पहिल्यापासून सुरू केलं. आता काटे ओळींवर हलेनात. फक्त थांब्यांवर चढत होते.

टेप मागं घेऊन ऐकली.

ओळींच्या जागी खरखर होती. मग झील. थकल्या गळ्याची, जराशी चिरकलेली, शेवटचा शब्द ताणून धरलेली. पुन्हा खरखर. पुन्हा झील.

सुरुवात एकाही ओळीला नव्हती.

हे पाठवावं का, मला ठरवता येईना. त्यांनी फक्त शांतता मागितली होती. पण न पाठवता बजरंगांनंतर बाईंच्या नवऱ्याचा आवाज अडवून ठेवणारा मी दुसरा माणूस झालो असतो. चिठ्ठी लिहिली आणि सवयीनं मोठ्यानं वाचून पाहिली.

"सारजाबाई, यात कोंडीराम आहेत."

श्वास घ्यायला थांबलो.

कॅसेट पाकिटात होती. वायर काढून ठेवलेली होती.

काटे चढले.

पुढचं मी न थांबता वाचून काढलं आणि तसाच पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता मोठ्यानं वाचला. "सारजाबाई, मुक्काम वाशी..." त्या थांबल्या.

तेवढी जागा मोकळी राहू नये म्हणून मी घाईनं पिनकोड सांगून टाकला. त्यांनी पाकिटावर शिक्का मारला.