प्लॅस्टरच्या जबड्याची झोप

"यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, तेव्हा बसवायचा प्रयत्नही करू नका," असं बजावून दातकाकांनी चहाचा कप पुढे ओढला. त्यांच्या बायकोने समोर बसलेल्या धाकट्या बहिणीकडे पाहून डोळे फिरवले. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत चाळीस वर्षं मुकाट्याने तारा वाकवणारा, प्लेटा घासणारा हा माणूस घरच्यांत बसला की त्याच्या जिभेला हाड नसे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक!

पण आज सगळ्या थापा माफ होत्या. बहिणीच्या शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याला, म्हणजे दातकाकांच्या साडूला, त्याच सकाळी पुन्हा बस चालवायची परवानगी मिळाली होती. तो कागद टेबलावर मधोमध होता, आणि त्यावर चहाचा थेंब पडू नये म्हणून मेहुणी तो सारखा इकडून तिकडे सरकवत होती.

वर्षापूर्वी याच टेबलाभोवती सगळ्यांची तोंडं उतरलेली होती. साडू लाल दिव्यापाशी बस थांबवायचा आणि दिवा हिरवा झाला तरी पेंगत राहायचा. एकदा मागच्या प्रवाशाने खांदा गदागदा हलवून उठवलं, आणि कचेरीने त्याला चाकावरून काढून डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. झोपेच्या तपासणीत निघालं, की तासाला बावीस वेळा याचा श्वास अडतो. हवेचं यंत्र आणि मास्क दिला, तर साहेब झोपेतच तो उपसून उशीखाली खुपसायचे. "सोंड लावून हत्तीलाच झोप येत असेल," असं म्हणायचा, पण हसायचा नाही. बस नाही तर मी कोण, एवढं एकच त्याच्या डोक्यात असे.

शेवटी दातकाकांनी त्याला आपल्या मॅडमकडे, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे, ओढत नेलं. मॅडमने बाजूने चेहरा पाहिला, एक्स-रे पाहिला. खालचा जबडा मागे. झोपेत जीभ सैल पडते, मागे सरकते आणि वाट बुजवते. "झोपेच्या डॉक्टरांशी बोललेय मी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना हा उपाय चालतो असं नाही, पण तुम्हाला चालावा. रात्री वरच्या-खालच्या दातांवर प्लेटा बसवायच्या आणि खालचा जबडा जरासा पुढे धरून ठेवायचा. किती पुढे, ते बघत बघत ठरवू."

मापं घेऊन प्लॅस्टरचे जबडे ओतले, ते अर्थातच दातकाकांनी.

"आणि तिथेच," आवाज खाली आणत ते म्हणाले, "गंमत सुरू झाली."

मापं घेऊन आठवडा झाला असेल, तो गुरुवार. दुपारचे दोन. मॅडम जेवायला गेलेल्या. मागच्या खोलीत ओल्या प्लॅस्टरचा वास आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी पांढरी धूळ. साडूचा जबडा बिजागरीच्या चौकटीवर चढवलेला होता, वरचे दात खालच्यांवर टेकलेले. एवढ्यात घरघर ऐकू आली. दातकाकांनी मोटर बंद केली. घरघर चालूच. नळ घट्ट केला, पंखा बंद केला. खोलीत आता काहीच फिरत नव्हतं, तरी कुणीतरी अगदी मन लावून घोरत होतं.

"तुम्हीच असाल," बायको म्हणाली. "जेवण झालं की कुठे शुद्ध असते तुम्हाला?"

"अगं, मी उभा होतो!"

"उभ्यानेही घोरता."

मेहुणी हसून हसून खुर्चीत मागे कलली. दातकाकांना आणखीच चेव आला.

त्यांनी टेबलाला कान लावला. आवाज प्लॅस्टरच्या दातांमधून येत होता, आणि ओळखीचा होता. एका सहलीत याच घोरण्याने त्यांना गादी उचलून व्हरांड्यात जायला लावलं होतं. तोंड तपासायचा इवलासा आरसा त्यांनी दातांपुढे धरला. आरशावर वाफ धरली.

मग घोरणं थांबलं.

दातकाका मोजू लागले. पाच. दहा. आरसा स्वच्छ झाला. पंधरा. छातीवर दडपण आलं, तेव्हा लक्षात आलं की आपणही श्वास कोंडून उभे आहोत. वीस.

"मग?" मेहुणीने विचारलं. ती आता हसत नव्हती.

मग काय करणार? चौकटीचा स्क्रू हाताशी होता. एक फेरा दिला. खालचा जबडा केसभर पुढे आला.

काही नाही.

दुसरा फेरा. तिसरा.

चौथ्याला प्लॅस्टरने मोठ्ठा श्वास ओढला. टेबलावरची धूळ आत गेली आणि बाहेर आली. मग तान्ह्या बाळाची असावी तशी शांत झोप.

"तिथे मी पेन्सिलने खूण केली. मॅडमनेही शेवटी तेवढंच ठेवलं. लगेच इथे फोन लावला, साडू काय करतोय? तर ही म्हणते, भाऊजी, आत्ताच डोळा लागलाय, आणि चक्क घोरत नाहीयेत! पुढे प्लेटा बसल्या, बावीसचे चार झाले, आणि आज हा कागद."

"मला कुठे आला फोन?" मेहुणी ओरडली.

"विसरलीस तू."

पुन्हा हशा झाला. साडू तेवढा हसला नाही. त्याने कप खाली ठेवला.

"साडूभाऊ, हे खोटं. त्या गुरुवारी दोन वाजता मी झोपलो नव्हतो."

"अरे, गोष्टीत एवढं चालायचंच..."

"डेपोच्या खिडकीवर होतो. टक्क जागा. समोर एक बाई हरवलेली पिशवी मागायला आलेल्या. आणि माझी हनुवटी आपोआप पुढे आली. कुणी बोटाने ओढावी तशी. चार वेळा."

घोरणं, आरसा, फोन, गुरुवार, सगळं दातकाकांनी आत्ता, बिस्किट बुडवता बुडवता रचलं होतं. स्क्रू मात्र खरोखरच फिरवला होता. कधी, ते त्यांना आठवेना.

"चौथ्या वेळी त्या बाईंनी हुश्श केलं," साडू म्हणाला. "म्हणाल्या, घेतलात ना एकदाचा श्वास! वीसपर्यंत मोजत होते मी."